अवर्षणांतील तह



उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाच्या विहिरींचा वृत्तांत आहे. त्याच्या चाकरांनीं खणलेल्या दोन विहिरींवरून गराराच्या गुराख्यांनीं तंटा केला, तेव्हां त्या सोडून त्यानें तिसरी खणली. पुढें अबीमलेख राजा त्याजकडे आला, उभयतांनीं शपथ वाहिली, आणि त्याच दिवशीं नव्या विहिरीस पाणी लागल्याची वार्ता आली.

त्याच प्रदेशांत आपल्या काळींही पाण्यानें वैर वाढविलें. इस्राएलानें १९६४ सालीं गालील समुद्राचें पाणी मोठ्या नळांनीं दक्षिणेस नेलें. अरब राष्ट्रांनीं यार्देनेचे उगम वळविण्याचें काम आरंभिलें, त्यावर तोफा चालल्या, आणि १९६७ सालीं युद्ध पेटलें. शेवटीं २६ ऑक्टोबर १९९४ रोजीं इस्राएल व नदीपलीकडील जॉर्डन राज्य यांनीं तह केला. त्यांतील एक कलम असें: हिवाळ्यांत यार्मूक नदीचें २ कोटि घनमीटर अधिक पाणी इस्राएलानें घ्यावें, आणि उन्हाळ्यांत तितकेंच यार्देनेंतून जॉर्डनास द्यावें. कालच्या शत्रूच्या घरीं आपली ठेव ठेवणें हें लहान धैर्य नव्हे!

ह्या तहाची परीक्षा १९९९ च्या अवर्षणांत झाली. इस्राएलाच्या अधिकाऱ्यांनीं पाणी कमी देण्याची गोष्ट काढली, जॉर्डनांत संताप उसळला. तरी बोलणें तुटलें नाहीं, आणि अखेर पाणी देण्यांत आलें.

तथापि हा तह अपुरा होता. पश्चिम तीरावरील पॅलेस्टिनी लोकांस त्यांत वाटा नव्हता. शिवाय सर्व शेजाऱ्यांनीं वरच्या वर इतकें पाणी काढून घेतलें कीं, जिच्यांत आपल्या प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या खालच्या यार्देनेंत पूर्वीच्या प्रवाहाचा दहावा हिस्साही उरला नाहीं.

बंधुजनहो, विहीर तुडुंब असतां शपथ वाहणें सोपें आहे. तळ दिसूं लागला म्हणजे ती पाळणें हीच खरी उपासना. ज्यांची विहीर सामाईक आहे, त्यांनीं पावसाळ्यांतच एकत्र बसून पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या. आणि ज्याची पाळी शेवटची, ज्याचा शब्द कोणी ऐकत नाहीं, त्यास बैठकीस प्रथम बोलवावें. त्यास वगळून केलेली शांति देवापुढें अर्धीच होय. ती पुरी करण्याचें मन तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.