विधवेचा दाखला आणि सरकारी दाखला
(लूक १८:१-८)



न्यायाधीश आणि विधवेचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका नगरात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचे भय, ना माणसांची चाड. त्याच नगरात एक विधवा होती. ती त्याच्याकडे येई, न्याय मागे आणि रिकाम्या हाताने परत जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर! शेवटी त्याने तिचे काम केले. त्याला दया आली नव्हती. ही बाई आपला पिच्छा सोडणार नाही, एवढेच त्याला कळून चुकले होते. तिच्या त्रासाविषयी तो जे बोलतो, त्यासाठी संत लूकने वापरलेला ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे. डोळ्याखाली ठोसा लगावणे, असा त्याचा अर्थ. एका गरीब विधवेचा एवढा धाक!

न खचता प्रार्थना करा, हे शिकवण्यासाठी येशूने हा दाखला दिला. म्हणून आपण प्रवचनकार घाईघाईने प्रार्थनेकडे वळतो आणि त्या बाईला कचेरीच्या दारातच उभी ठेवतो. आज जरा तिच्यापाशी थांबू या. ती मंदिरात गुडघे टेकून बसलेली नाही, ती खेटे घालते आहे. आणि ती दान मागत नाही. विधवा, अनाथ आणि परका यांचा न्याय विपरीत करू नये, असे मोशेच्या नियमशास्त्रातच होते. जे तिचे होते तेच ती मागत होती.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जातो तेव्हा अपघातात पाय गमावलेला मुलगा भेटतो, बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी भेटते, पार्किन्सनने हात थरथरणारे अंकल भेटतात. सरकारकडून काही मिळते का, असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : "अर्ज केला होता फादर, नाही म्हणाले." कोण नाही म्हणाले? लेखी दिले का? कारण काय सांगितले? ते कुणालाच ठाऊक नसते. खिडकीपलीकडचा कोणीतरी म्हणाला आणि विषय संपला. त्या विधवेने पहिल्याच दिवशी असा विषय संपवला असता, तर शुभवर्तमानात हा दाखलाच नसता.

म्हणून आज थोडे व्यवहाराचे बोलतो. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य, या तिच्या मुख्य अटी. दिव्यांगांसाठी ही मदत ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेले बँक खाते. अर्ज दिल्यावर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. कित्येकांचे पैसे तेवढ्यासाठी थांबतात आणि घरचे समजतात, सरकारने बंद केले.

अनेकांची गाडी अडते ती प्रमाणपत्रापाशी. १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, त्यात ते २१ झाले. पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता हे सगळे त्यात आले. जुन्या काळी परत पाठवले म्हणून जो घरी बसला, त्याने आज पुन्हा जायला हवे. आणि जे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, तेही मोजले जाते. मानसिक आजारही त्या यादीत आहे. तो लपवण्याची आपल्या घरांतली सवय मला ठाऊक आहे. लपवलेल्या आजाराला प्रमाणपत्र कोण देणार?

समजा, टक्के कमी लावले किंवा प्रमाणपत्रच नाकारले. तरी दार बंद होत नाही. नाकारण्याची कारणे लेखी देणे अधिकाऱ्यांना बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या ५९व्या कलमाने अपिलाचा हक्क दिला आहे आणि नियमांप्रमाणे निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत ते करायचे असते. अपंग व्यक्ती लहान असेल किंवा स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर पालक करू शकतो. अपिलात रडगाणे नको. रोजचे जगणे लिहा : जिना चढता येतो का, बटण लावता येते का, रात्री किती वेळा उठवावे लागते. सोबत जुने केसपेपर जोडा.

अनुदानाच्या अर्जाचेही तसेच. नामंजूर झाला तर लेखी आदेश मागा. कागद मिळत नसेल तर २००५चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या शुल्कात ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही शुल्क नाही. आणि वकिलाची भीती बाळगू नका. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जायचे, एजंटकडे नाही.

एका तरुणाला लिहिताना हाताला पेटके येत. नागरी सेवा परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला. आयोगाने नाकारले, प्रशासकीय न्यायाधिकरणाने नाकारले, दिल्ली उच्च न्यायालयानेही नाकारले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच्यासारख्या इतरांसाठीही वाट मोकळी झाली. तीन दारे बंद झाली होती, चौथे उघडले.

अपील करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे कुणाला वाटत असेल तर त्याने प्रेषितांच्या कृत्यांचा पंचविसावा अध्याय काढून वाचावा. फेस्तासमोर उभ्या असलेल्या संत पौलाने कैसराकडे दाद मागितली. तो रोमन नागरिक होता आणि तो हक्क त्याने वापरला. त्यामुळे त्याच्या नम्रतेला किंवा श्रद्धेला काही बाधा आली, असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

आपल्याकडे मात्र, "देवाने दिलेला क्रूस आहे, मुकाट्याने वाहायचा," असे सहज बोलले जाते. बहुधा ज्याला तो वाहायचा नसतो, तोच हे बोलतो. आजार हा क्रूस असेल, पण हरवलेली फाईल हा क्रूस नव्हे. प्रभूचा क्रूसही कालवरीच्या वाटेवर शिमोन कुरेनेकराने उचलला होता आणि प्रभूने त्याला अडवले नाही. काहींना सरकारी पैसे घेण्याची लाज वाटते. रेशनच्या रांगेत लाज वाटत नाही, पेन्शनीत वाटत नाही, मग इथेच का?

एक गोष्ट मात्र कडक सांगायला हवी. धडधाकट माणसासाठी प्रमाणपत्राची खटपट करणारेही असतात आणि चिठ्ठीसाठी माझ्याकडेही येतात. मी ती देत नाही. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण तुरुंगापेक्षा मला रांगेतल्या त्या खऱ्या लंगड्याची चिंता वाटते. एक खोटा पकडला गेला की दहा खऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते.

कफर्णहूमच्या पक्षाघात्याला चार जणांनी उचलून आणले. गर्दी होती, दार मिळेना, म्हणून त्यांनी छप्पर उघडले. त्यांची नावे मार्कने दिलेली नाहीत. आपल्या धर्मग्रामातही असे चार खांदे हवे आहेत : एक अर्ज लिहिणारा, एक रिक्षा काढणारा, एक रांगेत उभा राहणारा आणि एक तारखा लक्षात ठेवणारा.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद चर्चच्या सभागृहात बसतील. ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांनी जवळ असतील ते सगळे कागद आणावेत, फाटलेलेसुद्धा. ज्यांना येता येत नाही त्यांचे नाव शेजाऱ्यांनी कळवावे. सभासद घरी येतील. नाकारल्याची तारीख तेवढी शोधून ठेवा, कारण ९० दिवस तिथूनच मोजायचे आहेत.