सूचीतले नाव

एखादे काम बिनपैशाचे आहे म्हटले की ते सोपेही असणार, अशी सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही समजूत असते. आमच्या भागातल्या एका पक्षीमित्र मंडळाला आपल्या संशोधनपत्रिकेच्या जुन्या अंकांची सूची करावी असे वाटले, आणि मास्तरला उन्हाळ्याची सुटी असते म्हणून ते गठ्ठे माझ्या ओसरीवर येऊन पडले. हजेरीपट मांडण्यात ज्याची उमर गेली त्याला सूचीचे काय अवघड, असे मलाही वाटले.

काम दिसायला खरोखरच सोपे. प्रत्येक टिपणाची तीन कार्डे करायची : एक लिहिणाऱ्याच्या नावाचे, एक पक्ष्याच्या, एक गावाच्या. प्रत्येकावर महिना, साल, अंक आणि पान. पण कयाधूकाठचे तेच पाणथळ एकजण गावाच्या नावाने सांगतो, दुसरा नदीच्या. पक्ष्यांची शास्त्रीय नावेही एका जागी राहत नाहीत. रानपिंगळ्याला ह्यूमसाहेबाने १८७३ साली ‘हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी’ म्हटले. आज तो ‘अथेने ब्लुइटी’ आहे. ज्याला ठाऊक नाही तो दोन पक्षी समजेल. अशा वेळी सूचीकाराजवळ एकच शब्द असतो : ‘पाहा’. या कार्डावरून त्या कार्डाकडे बोट दाखवायचे आणि आपण बाजूला व्हायचे.

हे बोट फार महत्त्वाचे असते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालची. तिची पत्रिका १८८६ पासून निघते आहे. सालिम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तिचा वृत्तांत १९३३-३४ साली त्याच पत्रिकेत हप्त्याहप्त्याने आला. आमचा मुलूख त्या वेळी त्या राज्यात होता. पण एवढ्या वर्षांच्या ढिगातून नेमक्या त्या पानावर जायचे, तर कोणीतरी आधी सूची केलेली असावी लागते. जी नोंद सूचीत नाही, ती छापलेली असूनही हरवलेली असते.

अशी कार्डे करीत असता, वीसएक वर्षांपूर्वीच्या एका अंकात माझेच नाव समोर आले. ‘तणमोराचा नर, गावाबाहेरील गायरानात, श्रावण महिन्यात मला आढळला.’ खाली माझी सही.

तो तणमोर मी पाहिला नव्हता. पाहिला होता आठवीतल्या एका मुलाने, घरच्या शेळ्या राखताना. गवतातून एक काळा पक्षी उभाच्या उभा उडी घेतो, बेडकासारखा आवाज करतो आणि पुन्हा गवतात पडतो. डोक्याच्या मागे पिसांच्या लांब काड्या असतात. हे सारे त्याने वर्गात हातवारे करून सांगितले. आज अगदी थोडे उरलेल्या या पक्ष्याचे इतके नेमके वर्णन त्याने कुठे वाचलेले असणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गायरानात गेलो, चिंब भिजलो आणि परत आलो. पक्षी दिसला नाही. टिपण मात्र लिहिले. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या मास्तराला आपल्या छापील नावाचे फार अप्रूप असते. शिवाय मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. न पाहिलेले पाहिल्यासारखे लिहिण्याची हाताला सवय. कादंबरीत तो गुण ठरतो.

खोटे म्हणावे तर पक्षी खोटा नव्हता. जागा, महिना, उडी, काहीच खोटे नव्हते. फक्त पाहणारा खोटा होता. मग शास्त्राचे त्यात काय बिघडले? हा प्रश्न मी कित्येक रात्री स्वतःला विचारला, आणि तो मला सोयीचा आहे म्हणूनच मला त्याचा संशय येत राहिला.

त्या रानपिंगळ्याचीच गोष्ट घ्या. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाला मिळाला नव्हता. पण रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन नावाच्या मोठ्या पक्षितज्ज्ञाने, गुजरातेतल्या मांडवीजवळ १९१४ साली आपण एक मिळविला, असे नोंदविले होते. तो नमुना वास्तविक ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, जेम्स डेव्हिडसनने पूर्वीच गोळा केलेला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी १९९९ साली उघड मांडली. त्या खोट्या ठिकाणावर भिस्त ठेवून शोध घेणाऱ्यांचे श्रम वाया गेले. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांची गावे धरली, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा शहाद्याजवळ जिवंत सापडला.

त्याने जागाही बदलली होती, मी नव्हती बदलली, असे मनाने लगेच सांगितले. आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांच्या गाथेतसुद्धा विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेच आहेत की, असेही मन म्हणाले. पण नामदेवांनी ते घेतले नव्हते. मी घेतले होते.

आता काय करावे? कार्डच गाळावे, तर तणमोर गेला. कार्डावर मुलाचे नाव घालावे, तर पानावर एक आणि सूचीत दुसरे, ही नवी लबाडी झाली. सूचीकार वाटाड्या आहे. वाट उकरून दुसरीकडे नेण्याचा त्याला अधिकार नाही.

शेवटी मी त्या मुलाकडे गेलो. आता तो बाप्या झाला आहे, टेम्पो चालवितो. मी अडखळत सगळे सांगितले. तो हसला.

“गुर्जी, तो अंक म्या घरी आईला दाखविला व्हता. म्हणलं, माझा पक्षी पुस्तकात आला.”

मला मान वर करवेना. मग त्यानेच विचारले, “गवताचं लिव्हलं का त्यात? पवन्याचं रान व्हतं ते. कुसळीत न्हाई दिसलं कधी ते पाखरू.”

माझ्या टिपणात गवताचा शब्दही नव्हता. कसा असेल? मी ते गवत पाहिले होते, पण पक्ष्यासह पाहिले नव्हते. शास्त्राचे काय बिघडले, याचे उत्तर मला टेम्पोच्या सावलीत मिळाले. साक्षीदार पुसला की त्याला विचारण्याजोगे जे जे असते, ते सारे त्याच्याबरोबर पुसले जाते. उद्या कोणी मला गवताविषयी पत्र लिहिले असते, तर मी काहीतरी उत्तर दिलेच असते, आणि पहिल्या खोट्याला दुसरे जडले असते.

संपादकांना मी शुद्धिपत्र पाठविले आहे. त्यात पवन्या आहे, आणि पाहणाऱ्याचे नाव आहे. ते छापून आले की सूची पुरी होईल. माझे जुने कार्ड तसेच राहील, त्याच्याखाली ‘शुद्धिपत्र पाहा’ एवढे वाढेल. त्या मुलाचे नवे कार्ड होईल. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. इथे ते माझ्या पश्चात्तापाची शोभा वाढवील, तिथे ते कामाचे आहे.

वर्णानुक्रमाने त्याचे कार्ड माझ्या कार्डाच्या आधी लागते. ही सोय वर्णमालेने केली आहे, मी नव्हे.