विसंबणं आणि उभं राहणं

'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पंडिता रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या मुख्य गरजा त्यात त्यांनी तीन सांगितल्या: स्वावलंबन, शिक्षण आणि इथल्याच शिक्षिका. स्वावलंबन सर्वांत आधी. त्याच रमाबाई 1907 मध्ये आपल्या साक्षीत, स्वतः उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं सगळं श्रेय देवाला देतात, आपण केवळ त्याच्यावर विसंबून चाललो असं सांगतात. वयोमानानं त्यांचे विचार बदलले, असं म्हणून हा प्रश्न सोडता येईल. मला ते उत्तर पटत नाही.

ख्रिस्ती विचारात हा पेच मुळापासूनच आहे. रानातल्या इस्राएली लोकांना मान्ना मिळे तो रोजच्या रोज. शब्बाथाच्या आदल्या दिवसाखेरीज कधीही उद्यासाठी राखून ठेवला, की त्यात किडे पडत. पण तो वेचायला सकाळी उठून छावणीबाहेर जावंच लागे. पौल करिंथकरांना लिहितो, की आपण अशक्त असतो तेव्हाच ख्रिस्ताचं सामर्थ्य आपल्यात वस्तीला येतं. आणि त्याच करिंथात, मंडळीवर आपला भार पडू नये म्हणून, तो तंबू शिवून पोट भरत होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस या तपस्व्याला धास्ती वाटली, की सगळं देवाच्या कृपेवर सोडलं तर माणूस सुस्तावेल. चांगलं वागण्याची शक्ती माणसात आहेच, ती त्यानं वापरावी, असं तो शिकवी. चांगलं वागावं ही इच्छासुद्धा देवच देतो, असं बिशप ऑगस्टिनचं उत्तर होतं. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. निर्णय मला योग्य वाटतो, पण पेलागियसची धास्ती खोटी नव्हती.

ती धास्ती रमाबाईंनी घरातच पाहिली होती. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. पुराणं सांगणारं विद्वान कुटुंब. अंगमेहनतीचं काम कुणालाच शिकवलेलं नव्हतं. ज्यानं हे पाहिलं, तो हातावर हात ठेवून बसण्याला श्रद्धा म्हणणार नाही.

1883 मध्ये इंग्लंडला वाँटिज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगलं. तोवर आधार माणसांचे होते. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं, 1889 मध्ये मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडलं, रानडे-भांडारकरांसारखी सुधारक माणसं सल्लागार मंडळात आली. 1893 मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात ती माणसं दूर झाली. सल्लागारांच्या मनातली शंका समजण्यासारखी होती. पालकांनी आपल्या मुली विश्वासानं तिथे पाठवल्या होत्या.

याच काळात रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं. 1836 पासून म्यूलर अनाथ मुलं सांभाळत. पैशासाठी कुणा माणसापुढे हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम. आलेल्या पैशांचे हिशेब मात्र ते अहवालांतून छापत. चीनमधल्या हडसन टेलर यांच्या मिशनची हकीकतही रमाबाईंच्या वाचनात आली. असं काम हिंदुस्थानात का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. बोस्टनचं वचन बालविधवांपुरतं होतं. या मुलींचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. तरी त्यांनी मुली आणल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा निर्णय हा आहे, बाप्तिस्म्याहूनही मोठा. पुढे केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग आले, छापखाना आला आणि मुली काम शिकल्या. ज्या बाईंनी आयुष्य देवावर टाकलं, त्यांच्याच आवारात प्रत्येक मुलीला स्वतःची भाकर कमावण्याची विद्या मिळाली. म्हणजे 1887 चं स्वावलंबन कुठेच गेलं नव्हतं. मिशनरी काय म्हणतील, देणगीदार काय म्हणतील, पुण्याची मंडळी काय म्हणतील, या भीतीतून त्यांना ज्यानं सोडवलं ते देवावरचं विसंबणं होतं. वाँटिजच्या मठातल्या सिस्टरांशी श्रद्धेच्या प्रश्नांवर त्यांनी जो वाद घातला, त्यातही हाच ताठ कणा दिसतो.

असंच देवावर विसंबून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा भक्तसमूह सुरू केला. त्यांचं धाडस मला फार मोलाचं वाटतं, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना दुसरी बाजूही दिसत राहते. आलेला पैसा टिळक मुक्त हातानं देऊन टाकत आणि घरात उद्या काय शिजवायचं ही चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. एकाच्या विसंबण्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो का, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांमध्ये क्वचितच विचारला जातो. लक्ष्मीबाईंची श्रद्धा मी टिळकांच्या श्रद्धेहून तसूभरही कमी मानत नाही. तिची कसोटी रोज चुलीपाशी लागत होती, आणि टिळकांमागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेण्याइतकं बळ तिच्यात होतं.