मुक्या जिवांचे ऋण

संशोधकाचे कर्तृत्व कशाने मोजावे, या प्रश्नास हल्ली बहुधा एकच उत्तर मिळते: त्याचे निबंध किती प्रसिद्ध झाले व इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, ते पाहावे. हे माप सोयीचे खरे. पण जी विद्या जिवंत शरीरावर पोसणाऱ्या जंतांचा व रोगांचा अभ्यास करते, तिच्या बाबतीत ते आम्हांस अपुरे वाटते. कारण तेथे ज्ञानाची किंमत पुष्कळदा संशोधक भरीत नसून दुसराच जीव भरीत असतो.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. तेथे डॉ. चंदा निंबकर व त्यांचे सहकारी यांनी दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातील गारोल या लहानखुऱ्या जातीशी संकर केला. गारोलची ख्याती जुळ्या कोकरांविषयी. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात संकरित कोकरांच्या वाढीबरोबर जंतांस तोंड देण्याची त्यांची शक्तीही तपासलेली आहे. गारोलचे रक्त असलेली कोकरे वजनास कमी भरली. पण त्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडीही कमी सापडली.

या अंड्यांच्या मोजणीचे महत्त्व ध्यानी येण्यास जंताची करणी माहीत हवी. हिमॉन्कस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्याची एक मादी दिवसास हजारो अंडी घालते. ती लेंड्यांवाटे रानात पडतात, आणि पावसाळ्याच्या ओलीत निघालेल्या अळ्या गवतावरून पुन्हा चरणाऱ्या मेंढीच्या पोटी जातात. पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली सूज उतरते, आणि अशक्त कोकरू दगावते. औषधे आहेत, पण १९६१ साली थायाबेंडाझोल निघाले आणि १९६४ पर्यंत त्यास दाद न देणारे जंत आढळूनही आले. तेव्हा जातीनेच जंतांस आवर घालणारी मेंढी निपजवावी, हा विचार दूरदर्शीपणाचा होय.

परंतु येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. कोणते कोकरू स्वभावतः जंतांस पुरून उरते, हे सर्वांस वेळीच औषध पाजल्यास कळावयाचे नाही. मोजणी होईपर्यंत जंत पोटात राहू द्यावे लागतात. हे सोसण्यास त्या कोकराची संमती कोणी घेतली?

कोणी म्हणेल, जे जनावर उद्या सुरीखाली जावयाचे त्याच्या आजच्या दुःखाचा विचार कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. मरण अटळ असले म्हणून त्यापूर्वीची वेदना फुकट होत नाही. दुसरा म्हणेल, थोड्यांच्या दुःखाने पुष्कळांचे कल्याण होते. यात तथ्य आहे. पण एवढ्याच आधारावर उभे राहिल्यास कोणतेही क्रौर्य समर्थनीय ठरेल.

हाफकिनने प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत आपली लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची पाळी नंतर आली. दुसऱ्यास जे सोसावयास सांगावयाचे ते आधी आपण सोसावे, हा त्याचा न्याय. मेंढ्यांच्या संशोधकास ही वाट मोकळी नाही. मेंढीचे ओझे त्यास आपल्या अंगावर घेता येत नाही. म्हणून त्याचे ऋण अन्य रीतीनेच फिटले पाहिजे.

ते कसे? मोजणी होताच औषध द्यावे, आणि प्रयोगासाठी म्हणून कोकरू मरू देऊ नये. ज्या प्रश्नाचे उत्तर एकदा मिळाले, तो केवळ नव्या निबंधाच्या हौसेने पुन्हा मेंढीच्या पोटास विचारू नये. आणि तिसरे, आमच्या मते सर्वांत मोठे: मिळालेले ज्ञान वाड्यावरील धनगराच्या कानी, त्याच्याच भाषेत, पुरतेपणी पोहोचावे. 'पुरतेपणी' हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. बाजारात कोकराचे पैसे वजनावर होतात. गारोलचे कोकरू जंतांस टिकते एवढेच सांगून ते वजनास कमी भरते हे लपविले, तर ज्याचे पोट कळपावर आहे त्याचीच फसवणूक होईल. २००३ च्या निबंधात दोन्ही बाजू मांडल्या आहेत, हे आम्हांस त्याचे मोठे भूषण वाटते. लाभ कोणता व तोटा कोणता हे सांगणे संशोधकाचे काम. त्यांतून निवड करणे मेंढपाळाचे.

निबंध प्रसिद्ध होणे म्हणजे कर्जाचा कागद लिहून होणे. फेड त्यानंतरची, आणि ती झाली की नाही हे पाहावयाचे तर ग्रंथालयात नव्हे, श्रावणाच्या ओल्या रानात चरणाऱ्या कळपात पाहावे लागते.