दिल्यावर किल्ली कोणाकडे?



शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला सोलापुरातून पंढरीकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या घराला रिकाम्या हाताने उभे राहवत नाही. कोणी पाणी देतो, कोणी केळी वाटतो, कोणी दुखऱ्या पायांना तेल चोळतो. हे देणे गोड असते आणि सोपेही असते, कारण केळ्याच्या फणीत कोणाचा जीव अडकलेला नसतो. आज विचार करायचा आहे तो जीव अडकलेल्या वस्तूचा.

समजा, तुमच्या सोलापुरातल्या घराच्या आवारात ताडपत्रीखाली एक जुनी मोटार उभी आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली, आठ सिलिंडरची, दणकट अमेरिकन गाडी. दर रविवारी तुम्ही ती पुसता. वर्षातून दोनदा इंजिन सुरू करता आणि तो आवाज ऐकून वडील आठवतात. एखादा शौकीन तिचे काही लाख मोजायला तयार आहे. आणि यंदा वारीत चालताना तुमच्या मनात आले, की ही गाडी वारकऱ्यांची सेवा करणाऱ्या एखाद्या धर्मादाय दवाखान्याला द्यावी.

विचार चांगला आहे. पण माउली, दान करताना पहिला प्रश्न घेणाऱ्याच्या बाजूने विचारावा. दवाखाना या गाडीचे काय करील? गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली असेल, तर २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे तिच्यातून ना रुग्ण नेता येणार, ना औषधे. सुटे भाग मिळत नाहीत, पेट्रोल मात्र भरपूर लागते. दारात हत्ती बांधून निघून जाणाऱ्याला दाता म्हणावे का? ज्याला हत्ती पोसायचा आहे त्याला विचारा.

या बाबतीत एक गोष्ट आपल्या मुंबईतच घडलेली आहे. डिसेंबर १९६४ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरू पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. दौऱ्यात फिरण्यासाठी त्यांना पांढरी लिंकन मोटार भेट मिळाली होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. त्यांनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांसाठी बंगालात उभ्या राहिलेल्या शांतिनगर वसाहतीच्या कामी लावला. गाडी सोडत जिंकणाऱ्याच्या दारी गेली आणि तिचे मोल रुग्णांच्या दारी पोहोचले. वस्तू जिथे शोभते तिथे जावी, मोल जिथे हवे तिथे जावे, एवढे साधे शहाणपण त्यात आहे. आपणही आधी गाडी विकून पैसा द्यावा, किंवा संस्थेला ती विकण्याची पूर्ण मोकळीक द्यावी.

आता खरा अवघड प्रश्न. पोपना ती गाडी चार दिवसांची सोबतीण होती. दिली आणि ते विमानात बसले. तुमची गाडी मात्र वडिलांच्या हाताची आहे. ती देताना डोळे भरून येणार. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले दान तिथे राजस ठरते. मग डोळ्यांत पाणी आले की दान उणे झाले का?

मला तसे वाटत नाही. लेकीची पाठवणी आठवा. आई हुंदके देते, बाप खांबाआड तोंड लपवतो. पण ‘राहू दे, नको जाऊ’ असे कोणी म्हणत नाही. ते दुःख प्रेमाचे असते, कुरकुरीचे नव्हे. जीव नसलेली वस्तू देताना डोळे कोरडे राहिले, तर त्यात वैराग्य ते कसले? दान उणे होते ते अश्रूंनी नव्हे, मागे ठेवलेल्या किल्लीने. ‘गाडी दिली, पण विकू नका.’ ‘दिली, पण दारात आमच्या नावाची पाटी लावा.’ ‘दिली, पण दसऱ्याला पूजेपुरती आणत जा.’ अशा प्रत्येक ‘पण’मध्ये एकेक किल्ली आपल्या खिशात राहते. व्यवहारातही तसेच आहे. आरटीओच्या कागदावर नाव बदलत नाही तोवर गाडी तुमचीच आणि तिची जबाबदारीही तुमचीच. मनाच्या दप्तरात नाव बदलायला मात्र कोणी कारकून बसलेला नाही. तिथे सही आपणच करायची असते.

आणखी एक सांभाळायचे. वडिलांची वस्तू एकट्याची नसते. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. पण आधी त्यांनी त्या कागदांची वाटणी केली होती, आणि धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला होता. बुडवला तो फक्त स्वतःचा. वैराग्य माझे आणि तोटा भावाचा, असे त्यांनी होऊ दिले नाही. म्हणून बहीण-भावांना एकत्र बसवा, विचारा. एखाद्याला आपला वाटा हवा असेल, तर तो आनंदाने द्या. उरेल ते तुमचे दान.

आणि माउली, गाडी द्यायला मन तयार होत नसेल तर ठेवा. वडिलांची आठवण जपणे हे पाप नाही. प्रपंच सोडा असे आपल्या संतांनी कधी सांगितले नाही. फक्त एवढे करा. पुढच्या रविवारी ताडपत्री काढाल तेव्हा स्वतःला विचारा, की मी ही गाडी सांभाळतो आहे, की ही मला सांभाळून आहे? उत्तर आले की किल्ली कोणाच्या हातात आहे ते कळेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!