तोललेले आणि मोजलेले

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागले की वाटेत येलवाल येते. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी इथे ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरू आले होते. केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद आले होते, जयप्रकाश नारायण होते. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या पक्षांनी ग्रामदानाच्या, म्हणजे गावची जमीन गावाच्या मालकीची करण्याच्या विचाराला एकमुखाने पाठिंबा दिला. हे सगळे जमले होते ते गागोद्याच्या विनोबा भाव्यांसाठी. जमिनीचा एवढा मोठा प्रश्न घेऊन हिंडणाऱ्या या माणसाचा मूळ विचार मात्र फार लहान गोष्टीचा होता, आणि तो त्यांना घरातच मिळाला होता.

विनोबांच्या आईने एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज ती एकेक दाणा मोजून वाही. वडील नरहरराव बडोद्यात नोकरीला, वृत्तीने शास्त्रज्ञ. त्यांनी सुचवले, थोडे दाणे मोजून त्यांचे वजन करावे, त्या हिशेबाने लाखभर तोलावेत आणि वर थोडे जास्तच घालावेत, म्हणजे चूक राहायला नको. बिनतोड युक्तिवाद! आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारले. त्याने सांगितले, हे गणित नव्हे. दाण्यागणिक देवाची आठवण होते, ती तोलून कशी होईल?

पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिथे हाच दाणा तत्त्वज्ञान होऊन आला आहे. बाहेरच्या कामात आतले मन ओतले की कामाचे ओझे उरत नाही, असा त्याचा गाभा. मुलाच्या पाठीवरून आईचा हात फिरतो तेव्हा हात आणि पाठ एवढेच नसते, हा दृष्टान्त त्यांचाच.

पण मला प्रवचनांपेक्षा सुरगाव जास्त पटते. १९४६ पासून सुमारे दोन वर्षे विनोबा पवनारच्या आपल्या आश्रमातून खांद्यावर फावडे टाकून रोज चालत त्या गावी जात आणि मैला साफ करीत. एकदा नदीला पूर आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. तरी ते काठापर्यंत गेले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून म्हणाले, देवळात जाऊन देवाला सांग, सफाईवाला येऊन गेला. काम झाले नाही, हजेरी लागली! आपल्याकडे सध्या ‘छोट्या छोट्या गोष्टींतला आनंद’ म्हणजे आल्याचा चहा, खिडकीतला पाऊस आणि त्याचा फोटो. त्याला माझी हरकत नाही, चहा मलाही हवा असतो. पण तो आनंद चाखण्याचा आहे. सुरगावचा आनंद करण्याचा होता आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागत होता. म्हणूनच बहुधा तो शिळा झाला नाही.

मग फावड्याच्या जागी जमिनीचा प्रश्न आला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे ८० एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० देऊ केले. तिथून भूदान सुरू झाले आणि आकडे वाढत गेले. १९५७ अखेर पाच कोटी एकर मिळवायचे, असा संकल्प सुटला. ते साल उजाडले, येलवालचा पाठिंबाही मिळाला, पण जमीन चाळीस लाखांच्या आसपासच अडली आणि त्यातली बरीच खडकाळ, नापीक. पुढे १९६९ साली अख्ख्या बिहारचे दान जाहीर झाले. कागदावर सह्या होत्या, शेतात फारसे काही बदलले नव्हते. येलवालच्या आसपास कुठेतरी नरहररावांचा तराजू आईच्या ताटावर चढून बसला, असे मला वाटते.

विनोबांना ते कळले नसेल असे नाही. त्याच काळात त्यांनी सर्वोदय-पात्र काढले. घरातल्या लहान मुलाने रोज एक मूठ धान्य भांड्यात टाकायचे, एवढेच. मूठ मुलाची, म्हणजे कधी भरलेली तर कधी अर्धी. तिचा हिशेब जुळायचा नाही, आणि जुळवायचाही नव्हता. १९७० साली क्षेत्रसंन्यास घेऊन ते पवनारला स्थिरावले, तेव्हा आश्रमाच्या आवारातला काडीकचरा तासन् तास वेचत. एकेक काडी म्हणजे एकेक नामस्मरण, ही त्यांची धारणा.

तरीही नरहररावांची बाजू मला सोडवत नाही. आईच्या दाण्यांचा आनंद आईचा होता; देवाने तांदूळ मोजून घेतले नसते. भूदानात समोर देव नव्हता, मजूर होता. देणाऱ्याच्या मनात काय हलले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती किती एकर, कोणत्या गटातली, विहिरीपासून किती लांब याची नेमकी मोजणी, आणि सातबाऱ्यावर आपले नाव.