गैरहजेरीचा कर्ता कोण?

मूल शाळेला वारंवार दांडी मारत असेल तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. मुळात तो नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे: घडलेल्या गोष्टीचा कर्ता कोणाला मानायचे? त्यातही गैरहजेरी ही चमत्कारिक गोष्ट. चोरीत किंवा मारामारीत कोणीतरी काहीतरी करतो; येथे काहीतरी व्हायचे राहून जाते, आणि जे राहून गेले त्याचे धागे मुलाच्या मनापासून आईच्या कामाच्या पाळीपर्यंत, घरभाड्यापासून बसच्या वेळापत्रकापर्यंत पसरलेले असतात. कायद्याला मात्र कागदावर एक नाव लागते.

अमेरिकेत शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे असते. त्यांपैकी १० टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की गैरहजेरी ‘जुनाट’ समजतात. आजारपणाच्या रजाही या मोजणीत धरतात. परवानगीवाचून मारलेली दांडी ही त्याहून वेगळी वर्गवारी, आणि कायद्याचा बडगा तिच्यावरच उगारला जातो. १८ दिवस म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. एखादा सोमवार, एखादा शुक्रवार; घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. हजेरीपत्रकावर वर्षभराच्या खुणा एका ओळीत पाहिल्या, तरच त्याची लय कळते.

मुलाला शाळेत पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्याला कोठून आला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली सक्तीच्या हजेरीचा पहिला कायदा केला. इंग्लंडमध्ये १८७०च्या कायद्याने पाया घातला आणि १८८० साली सक्ती सार्वत्रिक झाली. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल, पण ‘ऑन लिबर्टी’त (१८५९) त्यानेही मुलांचे शिक्षण हे बापाचे कर्तव्य मानले आणि ते चुकवणाऱ्याला बेताचा दंड करावा असे सुचवले. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. माणसाने स्वतःचे नुकसान करून घेतले तर तो त्याचा प्रश्न. पण मूल म्हणजे बापाच्या स्वातंत्र्याचा विस्तार नव्हे, ती दुसरी व्यक्ती आहे.

महाराष्ट्रात सक्तीची मागणी खालून आली, ही गोष्ट बरेचदा नजरेआड होते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे मांडले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या बडोदे संस्थानात नेला. गोखल्यांचे १९११चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात फेटाळले गेले. पण १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचा कायदा केला, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड लावला. तेव्हाच्या शेतमजुराला हा दंड हलका नव्हता. मात्र त्याच राज्यात फी माफ झाली होती आणि १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उघडत गेली होती. आधी वाट मोकळी करायची आणि मग न चालणाऱ्याला जाब विचारायचा, असा तो क्रम होता. पुढच्या शंभर वर्षांत, आणि विशेषतः सातासमुद्रापलीकडे, हा क्रम ठिकठिकाणी उलटला.

टेक्सासमध्ये २०१५ पर्यंत शाळा चुकवणे हा फौजदारी गुन्हा होता. मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात उभे करत आणि ५०० डॉलरपर्यंत दंड ठोठावत. त्या वर्षी कायदा बदलून हे प्रकरण दिवाणी झाले. पेनसिल्व्हेनियात २०१४ साली सात मुलांची एक आई दंड आणि न्यायालयीन खर्चाची थकबाकी भरता न आल्याने दोन दिवसांच्या कैदेत असताना तुरुंगातच मरण पावली. दोन वर्षांनी तेथील कायद्यात दुरुस्ती झाली. अशा शिक्षेमागचे गृहीतक एकच: पालक मुलाला पाठवू शकतो, पण पाठवत नाही. हे खरे असेल तेथे दंडाचा धाक चालतो. खरे नसेल तेथे जो पैसा बसभाड्याला हवा होता तोच दंडात जातो, आणि कारण होते तसेच राहून वर कर्ज चढते.

दुसरी परंपरा घरी जाऊन विचारपूस करण्याची. १९०६-०७च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत ‘घरभेटीच्या शिक्षिका’ नेमल्या गेल्या; शाळेतले समाजकार्य त्यांच्यापासून सुरू झाले असे मानतात. आज ज्याला केस मॅनेजमेंट म्हणतात ते याच कामाचे बांधीव रूप आहे. हजेरीने ठरावीक रेषा ओलांडली की प्रकरण एका कार्यकर्त्याकडे येते. तो घरी जातो, शाळा, दवाखाना, घरभाडे, पोलीस अशा वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेली माहिती एका जागी आणतो, कुटुंबाबरोबर बसून एकच योजना ठरवतो, आणि पुढे पाठपुरावा करतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून हजेरी पुनर्विलोकन मंडळे आहेत. शाळा, समाजकल्याण, आरोग्य अशा खात्यांची माणसे आणि पालकांचे प्रतिनिधी तेथे एका टेबलाशी बसतात. मिनेसोटा विद्यापीठात १९९० साली सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ या कार्यक्रमात एकच मार्गदर्शक किमान दोन वर्षे त्याच विद्यार्थ्यामागे राहतो. मुलाने शाळा बदलली तरी माणूस बदलत नाही.

या कामाचा कस बारीकसारीक गोष्टींत लागतो. समजा, सातवीतली एक मुलगी सोमवारी हमखास नसते. शाळेच्या नोंदीत ‘पालक उदासीन’ असा शेरा. घरी गेल्यावर कळते की आईची रविवारी रात्रपाळी असते, ती सकाळी नऊनंतर घरी पोचते आणि तोवर दम्याच्या धाकट्या भावाजवळ कोणीतरी असावे लागते. मुलीची बस पावणेआठला निघून गेलेली असते. येथे उपदेशाला जागाच नाही. भावाच्या शाळेत फवाऱ्याच्या औषधाची सोय, सोमवारी सकाळी शेजारणीची दोन तासांची मदत, पाळी बदलून मिळावी म्हणून मालकाला एक पत्र. एवढ्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे गणितात मागे पडल्यामुळे मुलीला वर्गाचीच वाटू लागलेली धास्ती. ती आईने सांगितलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मुलीकडूनच कळते.

यामागचे तत्त्व ओळखायला भगवद्गीतेचा अठरावा अध्याय उपयोगी पडतो. कोणतेही कर्म पाच कारणांनी घडते, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी कच्ची, असा पुढचा निर्वाळा आहे. आचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ देह असा केला आहे आणि श्लोकाचा रोख अहंकार गळून पडावा याकडे आहे; समाजकार्याची पुस्तिका म्हणून तो कोणी लिहिलेला नाही. तरीही ही चौकट येथे चपखल बसते. घर हे अधिष्ठान, मूल किंवा पालक हा कर्ता, बस, औषध, वही, गणवेश ही करणे, रोजची धावपळ या चेष्टा, आणि आजार, मालकाची लहर, अवकाळी पाऊस हे दैव. दंडाचा कायदा पाचांतला एक उचलतो आणि चार विसरतो. ‘यांच्या नशिबातच विद्या नाही’ म्हणणाराही तेच करतो. फक्त तो पाचवे उचलतो. दुसऱ्याच्या दारिद्र्याला दैव म्हणण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि फुल्यांचा राग होता तो नेमका तिच्यावर.

पण कारणे पाच आहेत म्हणून कर्ता नाहीसा होत नाही. तो पाचांतला एक असतोच. केस मॅनेजमेंटमधला सर्वांत नाजूक भाग हाच. सगळे परिस्थितीवर ढकलले तर कुटुंब म्हणजे परिस्थितीच्या हातातले बाहुले ठरते, आणि बाहुल्याशी करार करता येत नाही. गीतेतही सगळा विचार मांडून झाल्यावर काय करायचे ते अर्जुनावर सोपवले आहे. जाणता कार्यकर्ता योजना लिहून हातात देत नाही. आईने काय करायचे ते आईच्या तोंडून येऊ देतो आणि शाळेने काय करायचे तेही त्याच कागदावर मांडतो. मागे काय चुकले याचा हिशेब आणि उद्या सकाळी कोणी काय करायचे याची वाटणी, ही दोन कामे तो वेगळी ठेवतो. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरे अडवून धरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत रूप ऊसतोडीच्या पट्ट्यात दिसते. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत मागे फिरता येत नाही. आई पहाटे फडात गेली की कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, तान्ह्याला सांभाळायचे, पाणी भरायचे काम आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येते. गावच्या पटावर तिचे नाव असते, हजेरीत मात्र दिवाळीपासून पुढचे सगळे रकाने कोरे. २००९चा शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणतो, पण त्यासाठी पालकाला शिक्षा सांगत नाही. आणि या जोडप्याला ती सांगून उपयोग तरी काय झाला असता? हंगामी वसतिगृह, साखरशाळा, स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातातले शिक्षण हमी कार्ड, आणि अशा मुलांच्या मागावर राहणारे ‘बालरक्षक’ शिक्षक हे येथले उपाय. हंगामी वसतिगृहाची कल्पना साधी आहे: मूल गावात आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. आजीला चूल झेपत नाही म्हणून मुले फडावर जात होती, हे ओळखल्यावर सुचलेला हा उपाय.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. गैरहजर कोण, मूल की शाळा, असा प्रश्न कुरणशाळेने न बोलता विचारला.

येथूनच केस मॅनेजमेंटच्या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप निघतो. प्रत्येक घराची स्वतंत्र फाईल केली की सर्वांचे समान दुःख शंभर खासगी अडचणींत वाटले जाते. दर तिसऱ्या फाईलमध्ये ‘उचल’ हेच कारण सापडत असेल, तर ती कुटुंबाची केस उरत नाही. मजुरीच्या व्यवस्थेची होते, आणि तिच्यावर घरभेटीचा उतारा नाही. दुसरा आक्षेप घरभेटीवरच आहे. श्रीमंताचे मूल आठवडाभर परदेशी सहलीला गेले तर त्याचे स्वयंपाकघर पाहायला कोणी जात नाही. गरिबाच्या घरात मदतीचा हात आणि पाहणीची नजर एकाच दारातून शिरतात. मूल काढून नेतील या भीतीने अमेरिकेत कित्येक आया दार उघडत नाहीत. त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. माहिती कोणत्या खात्याला जाईल हे आधी सांगणे आणि नको म्हणण्याची मुभा देणे ही सौजन्याची बाब मानली जाते. ती हक्काची असायला हवी. कॅलिफोर्नियाच्या २०१०च्या कायद्यात आधी साहाय्य देऊ करण्याची अट होती, पण त्यापुढे २००० डॉलर दंड आणि वर्षभराची कैदही होती. पाठीमागे तुरुंग उभा असताना दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न त्या अटीने सुटत नाही.

काही गैरहजेरी मात्र अडचणीतून येत नाही, श्रद्धेतून येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आमिश या ख्रिस्ती पंथाच्या तीन कुटुंबांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचे नाकारले. पुढची शाळा मुलांना जगाच्या स्पर्धेत ओढते आणि देवाच्या वाटेवरून दूर नेते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ साली निकाल पालकांच्या बाजूने लागला. येथे कार्यकर्त्याच्या पिशवीतले काहीच कामाचे नव्हते: बस होती, पैसा होता, आरोग्य होते, आणि पालक दक्षही होते. अडथळे दूर करण्याची पद्धत अडथळा आहे असे धरून चालते. जेथे नकार विचारपूर्वक आहे तेथे तिला संवादापलीकडे जाता येत नाही.

न्यायमूर्ती डग्लस यांनी त्या निकालात अंशतः भिन्नमत नोंदवले, आणि तत्त्वतः तेच सर्वांत दूरवर जाणारे आहे. वाद राज्य आणि पालक यांच्यात रंगला होता. ज्यांची शाळा सुटायची होती त्यांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. बाकीच्यांना काय हवे, हे विचारल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा, असा त्यांचा मुद्दा होता. केस मॅनेजमेंटलाही तो तितकाच लागू पडतो. सहा वर्षांच्या मुलाला गैरहजेरीचा कर्ता म्हणणे हास्यास्पद. पंधराव्या वर्षी ते तसे राहत नाही, आणि मधल्या वर्षांत हा वाटा वाढत जातो. म्हणून योजनेच्या बैठकीत मुलाची खुर्ची कोठे असते आणि त्याला आधी बोलू देतात की शेवटी, याला महत्त्व येते. सगळे अडथळे दूर झाल्यावरही मुलगा ‘मला ही शाळा नको’ म्हणत असेल, तर नोंदीत त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे, आणि पुढची भेट शाळेच्या मुख्याध्यापकांशी घ्यायची.